टाकीच्या झाकणातली लाख

एकदा एक बाई आजारी नवऱ्याला गाडीत बसवून तालुक्याच्या गावी निघाली आणि अर्ध्या वाटेत तिची गाडी बंद पडली. किल्ली फिरवली की सेल्फ लागे, इंजिन गरगर फिरे, सगळी गाडी थरथरे. पण इंजिन काही पेटेना. आता तुम्ही म्हणाल, ही काय दृष्टांताची गोष्ट झाली? गुरुशिष्य म्हटले की आपल्याला नदीकाठचा आश्रम लागतो, दर्भासन लागते, निदान एखादे वडाचे झाड तरी लागते. या गोष्टीतल्या गुरूच्या अंगावर ग्रीसने काळी पडलेली खाकी विजार होती आणि त्याचा आश्रम म्हणजे हमरस्त्याच्या कडेचे पत्र्याचे गॅरेज होते. ज्ञानाला जागेचे सोवळे नसते, एवढे मनाशी धरा आणि पुढे वाचा.

गुरूचे नाव दौलतअप्पा. वयाने पिकलेले, बोलायला मोजके. त्यांची एक रीत होती. बिघडलेली गाडी दारात आली की ते आधी गाडीला हात लावत नसत. गाडी आणणाऱ्याला बाकावर बसवून बोलते करीत. ‘गाडी मुकी असते, तिचं दुखणं मालकाला विचारावं लागतं,’ असे ते म्हणत. त्यांचा शिष्य निवृत्ती याला मात्र हे सगळे वेळकाढू वाटे. हात चपळ, डोके तल्लख. समोरच्याचे वाक्य पुरे होण्याच्या आत याचा पाना नटावर बसलेला असे. दसऱ्याला स्वतःचे गॅरेज टाकावे असे त्याच्या मनात होते आणि अप्पा ‘हो’ म्हणत नव्हते, म्हणून तो थोडा घुश्शातही होता.

बाईचे नाव द्वारकाबाई. त्यांचे यजमान रंगनाथअण्णा म्हणजे पंचक्रोशीतले नावाजलेले कासार. याच गाडीत बांगड्यांच्या पेट्या रचून ते बाजार आणि जत्रा करीत. खुरप्याने राठ झालेला, सांधे आखडलेला हात पुढे आला तरी अण्णा घाबरत नसत. अंगठ्याखालचा सांधा हलकेच दाबत, त्या बाईला तिच्या माहेरचे काही विचारत, आणि ती सांगत असतानाच बांगडी मनगटावर गेलेली असे. एखादी वाढलीच, म्हणजे फुटलीच, तर ते हसून म्हणत, ‘ती तुमच्या वाटची नव्हती ताई, दुसरी घ्या.’ बायकांना त्यांच्याकडे बांगड्या भरणे म्हणजे घटकाभर माहेरी जाऊन आल्यासारखे वाटे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी अण्णांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. हात लुळा पडला, जीभ जड झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की हाताचा व्यायाम आत्ता नियमाने झाला तर हात परत येईल. हे महिने वाया गेले तर पुढे कोणी काही करू शकणार नाही. व्यायाम करून घेणारी माणसे तालुक्याच्या गावी. एस.टी.ची पायरी अण्णांना चढवेना. तेव्हा नातवंडे खेळवायच्या वयात द्वारकाबाई गाडी शिकल्या आणि एक दिवसाआड नवऱ्याला घेऊन जाऊ लागल्या.

बाई खंबीर, यात शंका नाही. पण खंबीर माणसाला एक खोड जडते, तशी त्यांनाही जडली होती. त्या कोणाकडून काही घेत नसत. शेजारीण भाजीची वाटी घेऊन आली, तर ‘नको गं, केलीय मी.’ जाऊ म्हणाली, रात्री मी बसते भावजींपाशी, तर ‘मला काय धाड भरलीय?’ कोणी साधा चहा विचारला तरी ‘आत्ताच घेतला.’ नको हा शब्द त्यांच्या जिभेवर इतका तयार असे, की समोरच्याचे पुरते विचारूनही होत नसे.

यात सर्वांत जास्त ‘नको’ ऐकले ते अण्णांनी. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात रुमालात गुंडाळलेल्या चार हिरव्या बांगड्या असत. द्वारकाबाईंच्या हातांत आता एकेकच जुनी बांगडी उरली होती आणि कासाराच्या बायकोचे हात असे मोकळे असावेत हे अण्णांना पाहवत नव्हते. ते डाव्या हाताने रुमाल काढीत, तिच्या मनगटाकडे बघत आणि ‘हा... हा...’ असे सुरू करीत. लगेच बाई म्हणत, ‘हात दुखतोय? थांबा, दाबून देते.’ त्यांना काय म्हणायचे आहे ते तिला कळत नव्हते असे नाही. पण त्या अधू बोटांतून काच निसटली तर? आजारी नवऱ्याच्या हातून आपली बांगडी वाढावी, हे तिला मनातसुद्धा सोसत नव्हते. म्हणून ती रुमालाची घडी घालून परत त्यांच्या खिशात ठेवी आणि म्हणे, ‘नंतर बघू हं.’

तर अशी ही गाडी वाटेत थांबली. चार माणसांनी ढकलून ती अप्पांच्या दारात आणली. निवृत्ती धावला. सेल्फ मारून पाहिला, पेट्रोल आहे का ते पाहिले, पुढची सीट उचलून तिच्याखालचे इंजिन उघडे केले, प्लग काढले, घासूनपुसून पुन्हा बसवले. गाडी लगेच सुरू झाली. ‘प्लगला काजळी धरली होती, मावशी,’ तो म्हणाला. अप्पांनी बाकावरून विचारले, ‘काय काय केलंस?’ ‘प्लग साफ केले.’ ‘आणखी?’ ‘आणखी काही नाही.’ अप्पांनी नुसते ‘बरं’ म्हटले.

पुढच्या खेपेला गाडी पुन्हा त्याच सुमारास थांबली. पुन्हा तीच तऱ्हा, इंजिन फिरतेय पण पेटत नाही. निवृत्तीने पेट्रोल पाहिले, करंट पाहिला आणि या वेळी पेट्रोलचा फिल्टर बदलला. गाडी सुरू झाली. तो विजयी मुद्रेने अप्पांकडे पाहू लागला. पण पहिल्या दिवसासारखीच त्या दिवशीही व्यायामाची वेळ टळून गेली होती आणि द्वारकाबाईंना तिथूनच माघारी फिरावे लागले. जाताना अप्पांनी चहा विचारला. ‘आत्ताच घेतला,’ बाई म्हणाल्या. सकाळपासून त्यांच्या पोटात पाणीही नसावे, असे अप्पांना वाटले.

आणि मग ती तिसरी खेप. या वेळी गाडी गॅरेजच्या अगदी जवळच, हाकेच्या अंतरावर बंद पडली. गुरुशिष्य दोघेही चालत गेले. द्वारकाबाई सेल्फवर सेल्फ मारीत होत्या आणि बॅटरीचा जीव कमी कमी होत चालला होता. अप्पांना पाहताच त्यांनी हात खाली टाकले.

‘अप्पा, आता पुरे झालं. पुतण्या म्हणतोय विकून टाक, गिऱ्हाईक आहे त्याच्याकडे. आज नाही सुरू झाली तर सांगते त्याला घेऊन जा म्हणून. नेईन ह्यांना कशीही.’

‘कशीही’ म्हणजे कशी, ते त्यांनाही माहीत नव्हते. मागच्या सीटवर अण्णा बसले होते. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवले. गाडी गेली की जाणे थांबणार, जाणे थांबले की हात गेला. हा हिशेब त्यांनाही समजत होता.

निवृत्ती सीट उचलायला पुढे झाला. अप्पांनी त्याचा दंड धरला. ‘आज कशालाही हात लावायचा नाही.’

मग अप्पा सावकाश गाडीच्या बाजूला गेले. पेट्रोलच्या टाकीशी ओणवे झाले आणि देवळात शंखाला लावावा तसा झाकणाला कान लावला. तसेच कान लावून त्यांनी झाकण फिरवले, काढले, क्षणभर थांबले आणि पुन्हा बसवून टाकले. ना पाना, ना पकड. हात झटकून म्हणाले, ‘फिरवा बाई किल्ली. थोडी दमानं, लगेच नाही धरली तरी सोडू नका.’

इंजिन दोनदा अडखळले आणि धडधडून पेटले.

द्वारकाबाईंनी स्टिअरिंगवरचे हात जोडले. ‘अप्पा, काय मंत्र घातलात?’

निवृत्तीचे तोंड उघडेच राहिले. प्लग नाही, फिल्टर नाही, तारेला बोट नाही; मग गाडी सुरू झाली कशाने? अप्पांनी गाडी हळूहळू गॅरेजपाशी आणवली, बंद करायला लावली आणि मग शिष्याकडे वळले.

‘निवृत्ती, पहिल्या दिवशी प्लग साफ केलेस. त्याच्या आधी काय केलं होतंस?’

‘पेट्रोल बघितलं.’

‘कसं?’

‘झाकण उघडून. काटा चालत नाही या गाडीचा.’

‘आणि फिल्टर बदललास त्या दिवशी?’

‘त्या दिवशीपण आधी झाकण उघ...’ निवृत्ती तिथेच थांबला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ‘म्हणजे गाडी प्लगनं सुरू झालीच नव्हती?’

‘गाडी झाकणानं सुरू होत होती. तू शाबासकी प्लगला देत होतास.’ अप्पा हे रागाने बोलले नाहीत. उलट त्यांच्या डोळ्यांत किंचित मिश्किली होती. ‘अरे, आपल्या हातून एका वेळी चार गोष्टी झाल्या की बरं कशानं झालं ते विचारावं लागतं. नाहीतर दुखणं घरी जातं आणि परत येतं.’

त्यांनी झाकण काढून उलटे केले. मधोमध मसुराएवढा तांबूस ठिपका होता. त्यांनी तो नखाने खरवडून पाहिला. ‘ही लाख आहे. कोणी भरली?’

‘मी,’ द्वारकाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता. ‘ह्यांचं दुखणं झाल्यापासून गाडी पावसापाण्यात अंगणातच उभी असते. गेल्या आठवड्यात पुसायला गेले तर झाकणाला बारीक भोक दिसलं. म्हटलं, पाणी जाईल, धूळ जाईल. ह्यांनी किती जपली होती गाडी! मग ह्यांच्या पेटीतली लाख तापवली आणि बुजवून टाकलं.’

निवृत्तीला हसू फुटणार होते. अप्पांनी नुसते पाहिले आणि ते विरले.

‘बाई, तेलाचा नवा डबा फोडताना भोकं किती पाडता?’

‘दोन.’

‘कशाला? ओतायला एक पुरे की.’

‘एकानं धार धरत नाही. गुटगुट करतं नि थांबतं. दुसरीकडनं वारं आत जायला लागतं ना.’

‘मग या टाकीनं काय पाप केलंय?’

बाईंनी पदर तोंडाला लावला. त्या झाकणाकडे पाहतच राहिल्या. ‘म्हणजे मीच...’

अप्पा गाडीच्या पायरीपाशी उकिडवे बसले आणि सावकाश बोलू लागले. ‘तुम्ही काळजीपोटी केलंत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण आता ऐका. टाकी देणारी आहे. इंजिन मागतं आणि ती देते, थेंब थेंब देत राहते. पण जेवढं ती देते तेवढी तिच्या पोटात पोकळी होते. ती पोकळी भरायला बाहेरून वारं यायला हवं. झाकण घट्ट बुजवलं की ती काही अंतर देते, पोटाला पीळ पडला तरी देते, आणि मग तिला देताच येत नाही. आतमध्ये पेट्रोल असतं बरं का. टाकी भरलेली असते आणि इंजिन तहानेनं मरतं. मी झाकण काढलं तेव्हा आवाज कसला आला माहीत आहे? तिनं श्वास घेतला. देणाऱ्यालाही घ्यावं लागतं, बाई. नाहीतर देणंच थांबतं.’

निवृत्ती खालच्या आवाजात म्हणाला, ‘अप्पा, मी बघत होतो काय नाही ते. करंट नाही का, पेट्रोल नाही का. टाकी भरलेली दिसली म्हणून मी तिच्याकडे पुन्हा वळूनच पाहिलं नाही.’

‘भरलेल्याकडे कोणीच बघत नाही,’ अप्पा म्हणाले. ‘एखादी पिन आहे का बाई?’

द्वारकाबाईंनी मंगळसूत्रात अडकवलेली पिन काढून दिली. अप्पांनी ती निवृत्तीच्या हातात ठेवली आणि निवृत्तीने, आयुष्यात पहिल्यांदाच घाई न करता, कण कण लाख कोरून भोक मोकळे केले. त्याने झाकण उजेडात धरले. पलीकडचे आभाळ दिसले. मग झाकण बसवून त्याने पिन बाईंना परत दिली.

‘झालं,’ बाई एकदम उठल्या. ‘निघते. वेळ गाठायला हवी.’ त्यांनी मागचे दार लावण्यासाठी हात पुढे केला, आणि तेवढ्यात अण्णांनी डाव्या हाताने खिशातला रुमाल काढला. नेहमीसारखेच तिच्या मनगटाकडे पाहिले. ‘हा... हा...’

‘हात दुखतो...’ बाईंच्या तोंडून सवयीने निघाले. आणि त्या थांबल्या. झाकणाकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले. त्या गाडीच्या पायरीवर बसल्या, हातातली पिन परत मंगळसूत्रात अडकवली आणि म्हणाल्या, ‘बोला. मी मध्ये नाही बोलत.’

‘हा... हात,’ अण्णा म्हणाले. ‘दे.’

त्यांनी हात दिला.

अण्णांनी डाव्या हातात बांगडी धरली. उजवा हात मांडीवरून उचलायलाच त्यांना किती वेळ लागला! निवृत्ती आधार द्यायला सरकला, तेव्हा अप्पांनी डोळ्यांनीच नको म्हटले. तो थरथरणारा हात बायकोच्या हातावर येऊन टेकला. अंगठा चाचपडत चाचपडत त्या सांध्यावर गेला. जन्मभराची सवय, जागा चुकली नाही. तो दाबू लागला. दाब पुरेसा नव्हता, पण होता. बांगडी बोटांवरून सरकली, हाडापाशी अडली, अण्णांनी जोर केला आणि काच कट्‌कन वाढली.

हिरवे तुकडे मातीत पडले. द्वारकाबाईंचा चेहरा पांढराफटक झाला. ज्या गोष्टीच्या भीतीने त्यांनी इतके दिवस तो रुमाल परत परत घडी घालून ठेवला होता, ती गोष्ट त्यांच्या समोर घडली होती. मनगटावर एक बारीक तांबडी रेघ उमटली. हात मागे घ्यावा असे त्यांना फार वाटले.

पण अण्णा घाबरले नव्हते. ते वाकड्या ओठांनी हसत होते, अगदी जत्रेतल्या दुकानात हसत तसे. त्यांनी जड जीभ उचलली. कितीतरी वेळ शब्द आतल्या आत घोटाळला. बाईंना तो ठाऊक होता, ओठांवर आला होता, आणि त्यांनी तो उच्चारला नाही. त्या थांबून राहिल्या.

‘ती... तुझी... नव्हती,’ अण्णा म्हणाले. ‘दुसरी.’

बाई रडायला लागल्या आणि रडता रडताच त्यांनी हात पुन्हा पुढे केला. अण्णांनी दुसरी बांगडी घेतली. पुन्हा तोच सांधा, तोच अंगठा. रस्त्यावरून ट्रक गेले, धूळ उडाली, कोणी पाहिले, कोणी नाही. या वेळी अण्णांनी जोर केला नाही. दाबत राहिले, वाट पाहत राहिले. बांगडी हाडावरून उतरली आणि मनगटावर जाऊन जुन्या बांगडीला लागून वाजली.

निवृत्ती पाठमोरा होऊन उगीचच पाने पुसत होता. अप्पा त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, ‘दसऱ्याला टाक रे गॅरेज.’

‘आता नको अप्पा, थोडं राहू द्या,’ तो म्हणाला. ‘अजून ऐकायला शिकायचंय.’

‘म्हणूनच म्हणतोय टाक,’ अप्पा म्हणाले.

गाडी त्या दिवशी वेळेत पोचली. पुढच्या खेपेला निवृत्ती रस्त्याकडे कान लावून होता. ठरल्या वेळी गाडी दिसली, गॅरेजजवळ आली, आणि हळू होत होत थांबली. पिन शोधत तो धावतच गेला.

‘काय झालं मावशी? पुन्हा बंद पडली?’

‘छे, बंद कशाला पडतेय? मी थांबवली,’ द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या होत्या. मागे अण्णा उजव्या हाताने खिडकीची कड धरून बसले होते. ‘आज वेळ आहे हाताशी. त्या दिवशी अप्पा चहा विचारत होते ना? दे म्हणावं. आणि अर्धा नको हं, कप भरून दे.’

घरी तेलाचा डबा फोडाल तेव्हा दुसरे भोक पाडताना ही बाई आठवा; आणि नंतर कोणी चहा विचारला, तर एकदा तरी हो म्हणा.